‘पावडर टाका आणि टाकी विसरा’ असं होत नाही

कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या शहरांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो: मैला प्रक्रिया केंद्रावर पैसा कशाला? घरोघरी सेप्टिक टँक आहेत. वर्षातून एकदा जिवाणूंची पावडर टाकली की मैला विरघळतो, टाकी जन्मात उपसावी लागत नाही. टाकीबाहेर पडलेलं पाणी जांभा दगड गाळतो आणि उरलंसुरलं समुद्राचं मीठ बघून घेतं.

आधी पावडर. मैला कुजवणारे जिवाणू मैल्यातच अब्जावधींनी असतात, विकतचे लागत नाहीत. वाळू, केस, चिवट तंतू मात्र कुजत नाहीत, ते तळाशी बसतात. माणशी वर्षाला साधारण 30 ते 40 लिटर गाळ धरा. पाच माणसांच्या घरात पाच वर्षांत 750 ते 1000 लिटर, म्हणजे 2500 लिटरच्या टाकीचा तिसरा हिस्सा गेला. पावडरीने गाळ कमी झालासा वाटतो तेव्हा बऱ्याचदा तो ढवळून पाण्याबरोबर शोषखड्ड्यात (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात) गेलेला असतो. टाकी उपसता येते. गाळाने लिंपलेला खड्डा नव्याने खणावा लागतो.

खात्री करायची तर लांब बांबूच्या खालच्या टोकाला जुना पांढरा पंचा गुंडाळा, पाणी बाहेर पडतं त्या बाजूला तळापर्यंत हळू सोडा, पाच मिनिटांनी काढा. काळा पट्टा चिकटला तेवढा गाळ. वर तरंगणारी घाणीची साय आणि हा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाले की टँकर बोलवा. झाकणावर वाकू नका, आत तर उतरूच नका: टाकीतला विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, आधी वास घेण्याची शक्ती मारतो, मग माणूस. उपसताना तळाशी चार बोटं गाळ राहू द्या, पुढचं विरजण तेच. आणि टाकी लगेच पाण्याने भरा. भूजल चढलं की रिकामी प्लास्टिकची टाकी जमिनीतून वर उचलली जाते.

टाकी म्हणजे शुद्धीकरण, हाही गैरसमज. ती फक्त निवळवते. पाण्यातले रोगजंतू बहुतेक तसेच बाहेर पडतात, त्यांचं काम पुढच्या मातीने करायचं असतं.

ती माती जांभ्यात कुठे आहे? जांभ्याला भोकं आणि भेगा. पाणी त्यातून न गाळताच धावतं. भारतीय मानक शोषखड्डा आणि विहीर यांत 18 मीटर अंतर सांगतं, आणि भूजल जमिनीखाली 1.8 मीटरच्या आत असेल तर शोषखड्डा नकोच म्हणतं. पावसात भूजल किती वर येतं ते जुलैत विहिरीत वाकून बघा. पाणी उकळून जंतू मरतात, मैल्यातून आलेला नायट्रेट हा क्षार मात्र तसाच राहतो.

समुद्राचं मीठ आणि ऊन काही जिवाणू मारतं, हे खरं. काविळीचा (हिपॅटायटिस ए) विषाणू मात्र चिवट, आणि खाडीतले तिसऱ्या, कालवं हे शिंपल्यातले जीव पाणी गाळून तो अंगात साठवतात. भरतीला सोडलेलं पाणी परत येतं, ते वेगळंच.

मजकुरामागचं एक खरं: छोट्या शहराला गटारांचं जाळं झेपतंच असं नाही. वाई आणि सिन्नरने 2018 पासून टाक्या ठरावीक वर्षांनी उपसून गाळ प्रक्रिया केंद्रावर न्यायला सुरुवात केली. किनाऱ्यावर हेच करायचं तर गाळ वाळवण्याच्या वाफ्यांवर छप्पर लागेल आणि उपसा डिसेंबर ते मे या काळात बसवावा लागेल. जून ते सप्टेंबर इथे सुकटही सुकत नाही.