रोज बॅकवॉश करू नका, असं मी का लिहिलं

ताई, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. राग मुलांच्या काळजीतून आलाय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलुंडच्या तुमच्या सोसायटीत ऑपरेटर रोज सकाळी स्विमिंग पूलचा फिल्टर बॅकवॉश करतो, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून धुतो आणि ते गटारात काढतो, तरी पूलचं पाणी धुरकट दिसतं. आणि मी मात्र ‘प्रेशर चढेपर्यंत फिल्टर धुऊ नका’ असं लिहून कामचुकार ठेकेदारांना आयतं निमित्त दिलं. ‘चहाचं गाळणं आपण रोज धुतो, मग मुलांच्या अंगाची घाण अडवणारा फिल्टर आठवडाभर तसाच ठेवायचा?’ असं तुम्ही विचारलंय.

वाळूचा फिल्टर गाळण्यासारखा चालत नाही, सगळा घोळ तिथेच होतो. गाळणं आपल्या भोकांपेक्षा मोठं तेवढंच अडवतं. फिल्टरमधल्या वाळूचा कण साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि अशा कणांमधल्या फटी पाण्यातल्या बारीक गाळापेक्षा बऱ्याच मोठ्या असतात. तरीही नीट चाललेला फिल्टर 20 ते 40 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पकडतो. पाणी वाळूच्या जाड थरातून वळणं घेत खाली उतरतं, तेव्हा गाळ कणांच्या अंगाला चिकटतो. चिकटलेला गाळ फटी अरुंद करतो आणि त्यामुळे पुढचा, आणखी बारीक गाळ अडतो. म्हणजे थोडा मळलेला फिल्टर नुकत्याच धुतलेल्या फिल्टरपेक्षा चांगला गाळतो. पाणीपुरवठ्याच्या केंद्रांतही हे जुनंच ज्ञान आहे. मुंबईचं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात वाळूच्या थरांतूनच गाळलं जातं, आणि धुतल्यानंतर वाळूचा थर पुन्हा पूर्ण ताकदीने गाळायला थोडा वेळ घेतो, हे तिथल्या कुठल्याही इंजिनिअरला ठाऊक असतं.

आता तुमच्या पूलकडे पाहा. ऑपरेटर रोज सकाळी तो चिकटलेला थर काढून टाकतो. फिल्टर जरा लयीत येतो न येतो, तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतला जातो. पाणी धुरकट राहण्यामागे हे एक कारण असू शकतं. त्या माणसाला मी दोष देत नाही. कमिटीला सकाळी ड्रेनमधून पाणी वाहताना दिसलं की काम चाललंय असं वाटतं, म्हणून तो ते दाखवतो.

मग धुवायचं कधी? त्यासाठी फिल्टरच्या डोक्यावर प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, असतो. बॅकवॉश झाल्यावर काटा जिथे असेल तिथे काचेवर मार्करने रेघ ओढून ठेवा. गाळ साचत गेला की पाण्याला वाट काढायला जोर लागतो आणि काटा चढतो. रेघेपेक्षा 8 ते 10 पीएसआय (दाब मोजायचं एकक) वर गेला की बॅकवॉश. मे महिन्याच्या सुट्टीत पोरांची झुंबड असते तेव्हा ही वेळ चार दिवसांतही येईल, जानेवारीत बरीच उशिरा.

एका बाबतीत मात्र तुमची शंका रास्त आहे. काटा आठवडेच्या आठवडे हललाच नाही, तर ‘फिल्टर स्वच्छ आहे’ म्हणून गप्प बसू नये. गेज अडकलेला असू शकतो. किंवा वाळूचे गठ्ठे होऊन पाण्याने त्यांतून थेट खालपर्यंत नाळी पाडलेल्या असतात, आणि पाणी न गाळताच पूलमध्ये परत येतं. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या पूलमध्ये असे गठ्ठे लवकर होतात. पूलच्या तळाशी वाळू दिसू लागली, तर फिल्टरच्या तळातल्या चिरा असलेल्या नळ्या फुटल्यात असं समजा. वाळू साधारण पाच-सात वर्षांत बदलावी लागते. तुमच्याकडे शेवटची कधी बदलली, ते सेक्रेटरींना नक्की विचारा.

बॅकवॉश कसा होतो, हेही एकदा समोर उभं राहून बघा. पंप बंद केल्याशिवाय मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचं, म्हणजे पाण्याची वाट बदलणाऱ्या झडपेचं, हँडल फिरवायचं नाही. पंप चालू असताना फिरवलं की आतलं रबरी गॅस्केट फाटतं आणि मग हँडल ‘फिल्टर’वर असतानाही पूलचं पाणी ड्रेन लाइनमधून चोवीस तास ठिबकत राहतं. साइट ग्लासमध्ये (बाहेर जाणारं पाणी दाखवणाऱ्या काचेत) पाणी नितळ दिसेपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटं, बॅकवॉश. मग पंप बंद करून हँडल ‘रिन्स’वर आणि अर्धा-एक मिनिट तिथे. ही रिन्सची पायरी बरेचजण टाळतात. ती टाळली की नळीत आणि वाळूत उरलेला गाळ सरळ पूलमध्ये येतो, आणि बॅकवॉशनंतर पाणी आणखी धुरकट झालं अशी तक्रार होते.

पाण्याचा हिशेबही मांडतो, कारण उन्हाळ्यात मुंबईत पाणीकपात लागते. 900 मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरला तीन मिनिटं बॅकवॉश आणि मिनिटभर रिन्स यांत ढोबळमानाने दीड हजार लिटरहून अधिक पाणी जातं. माणशी दिवसाला 135 लिटर या मानकाने ते डझनभर माणसांचं पाणी झालं. काटा चढलेला नसताना ते रोज गटारात सोडणं मला पटत नाही.

आता मुलांच्या तब्येतीचा मुद्दा. वाळू जंतू मारत नाही, मग फिल्टर रोज धुवा की तासाला. ते काम क्लोरीनचं. पाण्यात मोकळा क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि पीएच 7.2 ते 7.6 असायला हवा. पीएच वर गेला की तोच क्लोरीन मंद पडतो. डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो, असं तुम्ही लिहिलंय. तो वास बहुतेकदा घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो, म्हणून पोहण्याआधी साबणाने आंघोळ सक्तीची करा.

पुढचे दहा दिवस रोजचा बॅकवॉश थांबवून गेजचा आकडा, क्लोरीन, पीएच आणि पंप किती तास चालला हे वहीत लिहून ठेवायला सांगा. ते आकडे इथेच टाका. पंप दिवसातून तीन-चार तासच चालत असेल, तर आधी त्यावर बोलू.