काँगोची वाट काँगोच्या लोकांनीच लावली म्हणणाऱ्यांसाठी

काँगोवरची एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरतेय, मला तर चार वेगवेगळ्या ग्रुपवर आली. तिच्यात काय म्हटलंय ते थोडक्यात सांगतो. काँगो म्हणजे नुसतं जंगल, ते स्टॅन्ले या ब्रिटिश शोधप्रवाशाने शोधलं. बेल्जियमने तिथला अरबांचा गुलामांचा धंदा मोडला, रेल्वे, शाळा, दवाखाने दिले. हात तोडल्याच्या गोष्टी म्हणजे विरोधकांनी उठवलेला प्रचार. १९६० ला चालता देश हातात दिला तो त्यांनी आठवड्याभरात मोडला. आणि आज पूर्वेला रवांडाच्या सीमेवरच्या गोमा शहराकडे जे चाललंय ते हजारो वर्षांचं टोळ्यांचं भांडण आहे, त्याला कोणी काही करू शकत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला कारण तो आज जिवंत असलेल्या माणसांबद्दल आहे, पण क्रमानेच जाऊ.

"स्टॅन्लेने शोधलं." दिओगो काओ नावाचा पोर्तुगीज खलाशी १४८२ च्या सुमाराला नदीच्या मुखाशी पोचला तेव्हा तिथे काँगो नावाचं राज्य होतं, म्बान्झा काँगो ही राजधानी, प्रांत, प्रांतांवर नेमलेले सुभेदार, करवसुली, शिंपल्यांचं चलन, सगळं होतं. तिथल्या अफोन्सो राजाने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहिली की तुमचे व्यापारी आमची माणसं पळवून नेतायत, सरदारांची मुलं आणि आमचे नातेवाईकसुद्धा, हे थांबवा. ही पत्रं आजही वाचायला मिळतात. म्हणजे स्टॅन्ले जन्मायच्या तीनशे वर्षं आधी तिथला राजा लेखी तक्रार करत होता. स्टॅन्ले १८७४ ला झांझिबारहून निघाला आणि १८७७ च्या ऑगस्टमध्ये पलीकडे, नदीच्या मुखाजवळच्या बोमाला पोचला, हे धाडस होतंच, कोण नाही म्हणतंय. पण मधला अवघड टप्पा त्याने टिप्पू टिपच्या सोबतीने केला. टिप्पू टिप म्हणजे झांझिबारचा हस्तिदंत आणि गुलामांचा बडा व्यापारी, त्याच्या माणसांना त्या वाटा आधीच माहीत होत्या. सामान वाहणारे हमाल आफ्रिकन, वाट दाखवणारे आफ्रिकन, आणि वाटेत नदीकाठच्या गावांवर गोळ्या झाडल्याचं स्टॅन्लेने स्वतःच लिहून ठेवलंय.

"गुलामांचा धंदा मोडला, रेल्वे दिली." १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत १४ देश बसले, आफ्रिकेतलं एकही माणूस नव्हतं, आणि त्यातून बेल्जियमच्या साधारण ७६ पट मोठा प्रदेश लिओपोल्ड दुसरा या राजाची खासगी मालमत्ता झाला. बेल्जियम देशाची नाही, राजाची. तो स्वतः काँगोत एकदाही गेला नाही. गुलामगिरी मोडायचं कारण सांगून त्याने जगाची मान्यता मिळवली आणि १८८७ मध्ये त्याच टिप्पू टिपला पगार देऊन स्टॅन्ले फॉल्सचा गव्हर्नर केलं. पुढे १८९२ ते ९४ त्या व्यापाऱ्यांशी लढाई झाली, त्यांची सत्ता संपली, हे खरं आहे, पण त्यांच्या जागी जे आलं ते सक्तीच्या मजुरीचं राज्य होतं. मटाडी बंदर ते लिओपोल्डव्हिल (आजचं किन्शासा) रेल्वे १८९० ते १८९८ मध्ये बांधली कारण मध्ये धबधबे, नदीतून माल समुद्रापर्यंत आणता येत नव्हता. माल म्हणजे हस्तिदंत आणि रबर. ती बांधताना सरकारी हिशोबानेच १८०० काळे मजूर आणि १३२ गोरे मेले.

शाळांबद्दल पोस्टमध्ये अर्धं खरं आहे. मिशनऱ्यांच्या प्राथमिक शाळा भरपूर होत्या, शेजारच्या कितीतरी वसाहतींपेक्षा जास्त. पण त्याच्या पुढे वाट बंद. लोव्हानियम विद्यापीठ निघालं ते १९५४ ला, आणि १९६० मध्ये एवढ्या मोठ्या देशात पदवीधर काँगोली तीसच्याही आत होते.

"हात तोडणं हा प्रचार." इथे जरा थांबतो. डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा, त्यानंतर रबराची मागणी प्रचंड वाढली. काँगोतलं रबर जंगली वेलींचं, ते गोळा करायला माणसाला दिवसेंदिवस जंगलात राहावं लागायचं, फुकट कोण जाणार, म्हणून गावातल्या बायका ओलीस धरायच्या आणि ठरलेलं रबर आलं की सोडायच्या. तरी कमी पडलं तर चिकोट, म्हणजे पाणघोड्याच्या कातडीचा चाबूक. सैनिकांना काडतुसांचा हिशोब द्यावा लागायचा, गोळी माणसावर वापरली की शिकारीवर, त्याचा पुरावा म्हणून उजवा हात कापून आणायचा. शिकारीवर गोळी उडवली असेल तर हिशोब जुळवायला जिवंत माणसाचाही हात जायचा.

१९०४ मध्ये बारिंगाच्या मिशनवर एन्साला नावाचा एक बाप आला, त्याच्याकडे पानात बांधलेली पुरचुंडी होती, तिच्यात त्याच्या पाचेक वर्षांच्या मुलीचा, बोआलीचा, एक हात आणि एक पाऊल. रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तिला मारलं होतं. ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंनी त्याचा फोटो काढला, व्हरांड्याच्या कडेला बसलेला तो बाप समोर ठेवलेल्या त्या दोन तुकड्यांकडे बघतोय. प्रचार म्हणणाऱ्यांनी तो फोटो एकदा नीट बघावा.

आणि फोटोवरही विश्वास नसेल तर ठीक, लिओपोल्डने स्वतः नेमलेल्या चौकशी आयोगाने १९०५ च्या अहवालात ओलीस धरणं, चाबूक, हात कापणं, हे सगळं घडत होतं असं मान्य केलंय. विरोधकांचा नाही हो, राजाचाच आयोग. एक कोटी माणसं मेली हा आकडा बरेच जण देतात, तो अंदाज आहे, तेव्हा शिरगणती नव्हती, त्यावर वाद घाला खुशाल, पण या अहवालावर वाद घालायला जागा नाही. १९०८ मध्ये बेल्जियमने काँगो राजाकडून घेतला तेव्हा लिओपोल्डने आपली कागदपत्रं जाळून टाकली, ते काम आठवडाभर चाललं होतं. खोट्या प्रचाराला उत्तर द्यायला कागद लागतात, याने ते जाळले.

"चालता देश हातात दिला." ३० जून १९६० ला स्वातंत्र्य. त्या दिवशी सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता, सगळे बेल्जियन. ५ जुलैला सेनापती यान्सेन्सने सैनिकांना जमवून फळ्यावर लिहिलं, "स्वातंत्र्याआधी = स्वातंत्र्यानंतर". म्हणजे तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही. त्याच संध्याकाळी बंड पेटलं. ११ जुलैला कटांगा हा तांब्याचा प्रांत तिथला पुढारी त्शोम्बेने वेगळा देश म्हणून जाहीर केला, त्याला बेल्जियन अधिकारी, बेल्जियन सैन्य आणि युनियन मिनिएर या खाण कंपनीचा पैसा होता. याला "त्यांनी मोडला" म्हणायचं? पंतप्रधान लुमुंबांना १७ जानेवारी १९६१ ला कटांगात गोळ्या घातल्या, तिथे बेल्जियन अधिकारी हजर होते, नंतर एका बेल्जियन पोलिसाने प्रेत ॲसिडमध्ये विरघळवलं आणि दात स्वतःजवळ ठेवला. तो दात २०२२ मध्ये घरच्यांना परत मिळाला. बेल्जियमने स्वतःच्या संसदीय चौकशीनंतर २००२ मध्ये याबद्दल माफी मागितलीय, त्यामुळे इथे बेल्जियमची बाजू घेणाऱ्यांनी बेल्जियमचंच ऐकावं. याच कटांगाच्या भानगडीत यूएनकडून गेलेले आपले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला कटांगाच्या राजधानीत, एलिझाबेथव्हिलला धारातीर्थी पडले, परमवीरचक्र मिळालं त्यांना, आणि समोर त्शोम्बेचे सैनिक होते.

हुकूमशहा मोबुटूने पुढे १९६५ ते १९९७ देश लुटला हे शंभर टक्के खरं, त्याला सोडायचं कारणच नाही. पण शीतयुद्धात कम्युनिस्टांविरुद्ध आपला माणूस म्हणून अमेरिकेने, बेल्जियमने, फ्रान्सने त्याला इतकी वर्षं टिकवला.

आता "हजारो वर्षांचं टोळ्यांचं भांडण". या भांडणाला तारखा आहेत आणि त्या शंभर वर्षांच्या आतल्या आहेत. शेजारचा रवांडाही तेव्हा बेल्जियमच्याच ताब्यात होता. तिथे हुतू आणि तुत्सी या दोन समाजांत भेद आधी होता पण सैल होता, भाषा एक, धर्म एक, गावं एकच, गुरंढोरं वाढली की माणूस वर सरकायचा. बेल्जियमने १९३३-३४ मध्ये शिरगणती करून प्रत्येकाच्या हातात ओळखपत्र दिलं, त्यावर हुतू, तुत्सी किंवा त्वा (तिसरा छोटा समाज), आणि बापाचं ते पोराचं, बदल नाही. १९९४ च्या नरसंहारात हुतू मारेकऱ्यांनी तुत्सींना नाक्यानाक्यावर अडवून मारलं तेव्हा ओळखपत्रावरची हीच नोंद तपासत होते.

त्याच बेल्जियमने १९३७ पासून रवांडातून हजारो लोक सरकारी योजनेने काँगोच्या पूर्वेकडच्या किव्हू भागात, मासिसीच्या डोंगरांत आणून वसवले, मळ्यांना मजूर हवे होते म्हणून. जमीन तिथल्या हुंडे लोकांची. जमिनीचा वाद तिथून सुरू. मोबुटूच्या सरकारने या लोकांना १९७२ मध्ये नागरिकत्व दिलं आणि १९८१ मध्ये काढून घेतलं, आता एवढ्या वर्षांनी त्यांनी जायचं कुठे? १९९३ ला मासिसीत मारामाऱ्या झाल्या. १९९४ मध्ये रवांडातल्या नरसंहारात सुमारे आठ लाख माणसं मेली, आणि नंतर दहा लाखांहून जास्त हुतू निर्वासित सीमा ओलांडून किव्हूत आले, त्यांच्यात मारेकरीही हत्यारांसकट होते. १९९६ ला रवांडाचं सैन्य त्यांच्या मागे आत शिरलं. १९९८ ला दुसरं युद्ध, एका बाजूला रवांडा आणि युगांडा, दुसऱ्या बाजूला अंगोला, झिम्बाब्वे, नामिबिया. यात हजारो वर्षांचं काय आहे ते मला कोणीतरी दाखवा.

आणि "कोणी काही करू शकत नाही" हे तर साफ खोटं. एम२३ या बंडखोरांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये गोमा घेतलं होतं, त्यांच्यामागे रवांडा आहे असं यूएनचे तज्ज्ञ सांगत होते. तेव्हा ब्रिटन, जर्मनी वगैरे देशांनी रवांडाला दिली जाणारी मदत थांबवली, यूएनने लढायची परवानगी असलेली खास ब्रिगेड पाठवली, आणि नोव्हेंबर २०१३ पर्यंत एम२३ हरलं. म्हणजे दबाव टाकला तर फरक पडतो हे झालेलं आहे, बघितलेलं आहे.

आता उलटं बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपियन युनियनने रवांडाशी खनिजांचा करार केला. त्यानंतर दोनेक महिन्यांत एम२३ ने मासिसीतलं रुबाया घेतलं, तिथे कोल्टनची मोठी खाण आहे, त्यातला टँटलम फोनमध्ये लागतो. यूएनच्या तज्ज्ञांच्या हिशोबाने तिथल्या वसुलीतून एम२३ ला महिन्याला सुमारे ८ लाख डॉलर मिळत होते आणि रवांडाचे तीन-चार हजार सैनिक त्यांच्यासोबत काँगोत होते. रवांडा नाकारतं. जानेवारी २०२५ मध्ये गोमा पुन्हा पडलं, फेब्रुवारीत किव्हूतलंच दुसरं मोठं शहर बुकाव्हू. युरोपियन संसदेने तो करार स्थगित करा म्हटलं ते गोमा पडल्यावर.