स्थिती: उपलब्ध

१८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या नाशकात तुम्ही शाळेचे ग्रंथपाल म्हणून रुजू झालात, अभिनंदन! नेमणूक अर्धवेळ असेल तर दुप्पट अभिनंदन, कारण उरलेला अर्धा वेळ ऑफ तासांवर आणि 'जरा हे ऑनलाइन भरून द्या हो' यात मजेत जाईल.

आता ग्रंथालय डिजिटल करायचे आहे. आधी संगणकाला जाड कापडाचे कव्हर शिवून घ्या. ते काढायचे फक्त तपासणीच्या दिवशी.

मग कोहा बसवा. ग्रंथालयाची यादी सांभाळणारे हे सॉफ्टवेअर फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी तयार झाले, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक नोंदायच्या वहीत, जे जसे आहे ते तसेच त्यात चढवा. कुसुमाग्रज एक लेखक, वि. वा. शिरवाडकर दुसरे, 'शिरवाडकर, विष्णु वामन' तिसरे. तिन्ही नावे एकमेकांना जोडायला दोन मिनिटे लागतात, म्हणूनच जोडू नका. २७ फेब्रुवारीला एखादी मुलगी 'कुसुमाग्रज' टाइप करेल आणि तिला कविता मिळतील, नाटके मिळणार नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाचे सगळे एकदम हाती लागू नये. जुनी यादी जुन्या फाँटात असेल, तर युनिकोडच्या भानगडीत पडू नका. 'ज्ञानेश्वर' या नावाच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे उमटतात, ती मुलांना कूटलिपी वाटते. तेवढाच संशोधनाला वाव!

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात, 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-पोर्टलवरचे धडे त्यातून उघडतात. 'क्यूआर कोड स्कॅन करा' ही सूचना फलकावर लावा. शेजारी 'शाळेत मोबाइल आणल्यास जप्त होईल' हीसुद्धा लावा.

खरा धोका निराळाच. पंचवटीतला सातवीचा एखादा मुलगा गोदावरीच्या पुरावर प्रकल्प घेऊन येईल. घरी आजीने त्याला नदीपात्रातल्या, पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले होते ते सांगितलेले असते, १९६९ च्या पुराचेही. चुकूनही त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसू नका. नाशिक जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर ऑनलाइन आहे, मराठी विश्वकोशही आहे, गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे रोजच्या बातम्यांत येते. हे तिन्ही एका पडद्यावर उघडलेत, तर तो आजीचे म्हणणे त्यांच्याशी ताडून बघेल. मग विचारेल, "सर, हे लिहिणाऱ्याला कसं कळलं?" झाले, तुमचा तास गेला.

त्यापेक्षा दोनच शब्द: गुगल कर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यातले चौथे सांगते की वाचकाचा वेळ वाचवा. वाचक आलाच नाही, तर त्याचा सगळाच वेळ वाचतो. पोरे एआयला विचारतील, चाळीस प्रकल्प एकाच स्वल्पविरामांसह येतील. मारुतीला दोन तोंडे का, तर 'पुराची पातळी दोन्ही बाजूंनी पाहता यावी म्हणून', हेही चाळीस ठिकाणी सारखेच. प्रिंट मात्र रंगीत हवी. तिला गुण असतात.

स्टोरीवीव्हर या बालगोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापून वर्गात वाटायचीही मुभा आहे. पण त्या दाखल नोंदवहीत चढवता येत नाहीत. सोडा.

राहता राहिला १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. वरच्या खणातली, कव्हर न सुरकुतलेली पंचवीस पुस्तके मुलांच्या हाती द्या, जिओटॅग लावून फोटो काढा, पुस्तके मोजून परत घ्या, फोटो ग्रुपवर टाका. दरवर्षी तीच पुस्तके दिसली म्हणून कोणी हटकत नाही. फोटो झूम करून बघायला वेळ आहे कुणाला?

एखादी चिवट मुलगी तरीही दाराशी उभी राहील. तिला नम्रपणे संगणकावर शोधायला लावा. ती एका बोटाने टाइप करेल, पुस्तक सापडेल. स्थिती: उपलब्ध. कपाट क्रमांक ३.

"बाळा, कपाटाची किल्ली मामांकडे असते. मामा बँकेत गेलेत. उद्या ये."