ऑटोकॅडचे ब्लॉक आपोआप अपडेट होत नाहीत

'ब्लॉकची मूळ फाइल बदलून सेव्ह करा, तो ब्लॉक वापरलेली सगळी ड्रॉइंग आपोआप बदलतील' असा मेसेज ड्राफ्टिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. ब्लॉक म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव देऊन साठवलेलं, पुन्हा पुन्हा वापरायचं चिन्ह. मेसेजमधलं हे खरं नाही.

इन्सर्ट कमांडने ब्लॉक आणला की त्याच्या व्याख्येची प्रत त्या ड्रॉइंगमध्येच साठवली जाते आणि मूळ फाइलशी संबंध संपतो. खात्री करायची तर मूळ फाइल बदला आणि जुनं ड्रॉइंग उघडा. चिन्ह जुनंच दिसेल. आपोआप ताजं होतं ते एक्सरेफ, म्हणजे प्रत न करता नुसती जोडलेली बाहेरची फाइल. गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा.

बीएडिटने (ब्लॉक बदलायच्या कमांडने) केलेला बदल त्या नावाच्या सगळ्या चिन्हांना लागू होतो, पण फक्त त्याच ड्रॉइंगमध्ये. इतर ड्रॉइंगमध्ये नवी फाइल त्याच नावाने पुन्हा इन्सर्ट करून 'रीडिफाइन'ला (जुनी व्याख्या बदलू का, या प्रश्नाला) होकार द्यावा लागतो. ड्रॉइंगवर आणखी एक चिन्ह ठेवायचं नसेल तर ते कुठे ठेवायचं हे विचारल्यावर एस्केप दाबा, व्याख्या तरीही बदलते.

अ‍ॅट्रिब्यूट (चिन्हासोबत भरायची मजकुराची माहिती) असलेले ब्लॉक मात्र जरा हट्टी. आधी लावलेल्या चिन्हांत नवी अ‍ॅट्रिब्यूट दिसायला अ‍ॅटसिंक ही कमांड चालवावी लागते, आणि त्यात अ‍ॅट्रिब्यूटचं हाताने बदललेलं फॉरमॅटिंग पुसलं जातं. मोठ्या ड्रॉइंगवर आधी बॅकअप घ्याच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. त्याच्या भरवशावर जुनी चिन्हं तशीच प्रिंटला जातात.