रूम पार्टनर 'आपल्यातलाच' कशाला पाहिजे?

ॲडमिशनचा हंगाम आला की खानापूर, निपाणी, चंदगडकडचे पालक मेसेज करतात. "बेळगावात उद्यमबागेजवळ पोरासाठी रूम बघा वो, पण पार्टनर आपल्यातलाच बघा." आपल्यातला म्हणजे मराठी, जमलं तर गावचाच. जात कुणी लिहीत नाही, ती फोनवर हळूच विचारतात. माझं मत विचाराल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. नाही विचारला तरी चालतंय की.

गावचा पार्टनर तर सगळ्यात महागात पडतो. त्याच्याकडे थकलेले पैसे मागायची सोय नाही. मागितलेच तर त्याची आई तुमच्या आईला बाजारात गाठते आणि 800 रुपयांवरून दोन घरांत अबोला धरला जातो. तुम्ही रात्री कितीला आलात, कुणाच्या खिशात काय सापडलं, ही बातमी वस्तीच्या बसच्या आधी गावात पोचते. परक्याशी निदान मोकळेपणानं भांडता येतं.

अनगोळात माझा पार्टनर बागलकोटकडचा होता. माझं कन्नड भाजी मार्केटपुरतं, त्याचं मराठी शिव्यांपुरतं. घरून त्याला जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली कडक भाकरीची चवड यायची, सोबत शेंगाचटणी. महिनाभर टिकणारी भाकरी, पण आमच्यात टिकायची नाही. तो अंड्याला शिवत नसे, म्हणून माझा तवा वेगळा, खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेला. विषय संपला. 1 नोव्हेंबरला मी काळ्या दिनाच्या फेरीत, तो चन्नम्मा सर्कलला कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत. बेळगाव कुणाचं, हा 1956 पासूनचा सीमावाद दहा बाय बाराच्या खोलीत सुटणार नाही, एवढं दोघांनाही कळत होतं. त्या रात्री भांडण झालं, चांगलं कडाक्याचं झालं, पण ते पहाटे नळाला पाईप कुणी लावायचा होता यावरून.

म्हणून सांगतो, पाण्याचं विचारा. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी शहराला येतं, पण काही भागांत चोवीस तास आणि बाकीच्यांना नळ सुटेल तेव्हा. घरमालकांना विचारा की टाकी केवढी, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देणार. आणि पार्टनरला विचारा, पहाटे नळ आला तर उठणार का? "बघूया की" म्हणाला तर समजा तुम्हीच उठणार.

दुसरं, वीज. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे पोरांना वाटतं लाईट फुकट. फुकट आहे, पण मागच्या सरासरी वापरावर 10 टक्के धरून, आणि कमाल 200 युनिट. 200 च्या वर गेलात तर अख्खं बिल भरा. आता डिसेंबरातली बेळगावची थंडी आणि बादलीत टाकायची 1500 वॅटची कॉईल. तिघांनी रोज अर्धा-अर्धा तास लावली तर महिन्याला 67-68 युनिट नुसत्या अंघोळीला! एक जण कॉईल लावून झोपला की बाकीच्यांनी बिल का वाटून घ्यायचं, यावर मी दोस्ती तुटलेली बघितलीय.

मुलींचं थोडं वेगळं असतं. त्यांना पार्टनरपेक्षा मालकीणकाकू जास्त बघाव्या लागतात. आठनंतर गेट बंद, आणि प्रॅक्टिकल लांबलं तरी "कुठं होतीस गं?" ऐकून घ्यायचं. तिथे रूममधल्या सगळ्या एका बोलीच्या असल्या तर काकूंशी बोलणी करता येतात. एकटी मुलगी मुकाट ऐकते.

राहिलं डिपॉझिट. भाडेकरार सहसा अकरा महिन्यांचा असतो आणि तो एकाच्याच नावावर केलेला मी कितीदा पाहिलाय. मग दुसरा वर्षाच्या मध्येच इंटर्नशिपला बेंगळुरूला जातो आणि आपला वाटा मागतो. मालक म्हणतात, करार संपल्यावर बघू. तेव्हा सगळ्यांची नावं करारात घाला. कुणी किती भरले आणि मधेच सोडणाऱ्यानं बदली माणूस आणायचा की नाही, हे पहिल्याच दिवशी ग्रुपवर लिहून सगळ्यांकडून 'ओके' घ्या. लिहायला लाजणारा पोरगा असेल तर सामान टेम्पोतून उतरवू नका.