चिकनच्या पाकिटावरच्या एफएसएसएआय नंबरबद्दल माझा खुलासा

मागच्या आठवड्यात मी ग्रुपवर टाकलं होतं की चिकनच्या पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नंबर असला म्हणजे ते पाकीट सरकारने तपासलंय, डोळे मिटून विकत घ्या. हे चुकीचं आहे, चूक माझीच, आणि तो मेसेज पुढे बऱ्याच ग्रुपवर फिरतोय.

तो नंबर धंद्याच्या परवान्याचा असतो, मालाचा नाही. १ ने सुरू झाला तर लायसन्स, २ ने सुरू झाला तर छोट्या धंद्याची नुसती नोंदणी, म्हणजे दिवसाला ५० कोंबड्यांपर्यंत कापणारे वगैरे. एफएसएसएआयच्या २०११ च्या नियमांत कत्तलखान्यात कापण्याआधी आणि नंतर पशुवैद्यकाने तपासायचं असं आहे, पण पुढे प्रत्येक पाकीट कुणी उघडून बघत नाही, अन्न सुरक्षा अधिकारी नमुने घेतात तेवढंच.

काल फ्रीजमधलं पाकीट काढून, वरचा बर्फ पुसून नंबर फॉसकॉसच्या (एफएसएसएआयचे परवाने जिथे बघता येतात त्या) साइटवर टाकला तर कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही एवढंच आलं, त्या चिकनबद्दल एक ओळ नाही. नंबर बघाच, पण तारीख, वास आणि फ्रोझन माल उणे १८ डिग्रीला ठेवलाय का तेही बघा.

जुना मेसेज प्लीज फॉरवर्ड करू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.