गल्लीनं निवडावं, मग शिकवावं

‘चार वर्षं नगरसेवक नव्हते, काय अडलं?’ हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या फोनवर ऐकते आहे. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. आता नगरसेवक आले आहेत, तर घरात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, अधिकारीच बरे होते, निदान चौकाचौकात फ्लेक्स तरी नव्हते. दुसऱ्यांचं म्हणणं, शिकलेली माणसं राजकारणात उतरत नाहीत हेच खरं दुखणं आहे. अरण्येश्वरला राहणारा माझा मामेभाऊ या दोघांनाही मोडीत काढतो. तो म्हणतो, "ताई, पुढारी जन्माला यावा लागतो. शिबिरं घेऊन कुणी पुढारी झालाय का?"

मी अकरा वर्षं जर्मनीत, ब्रेमेनमध्ये राहते. औंधच्या ब्रेमेन चौकाला ज्या शहराचं नाव आहे, तेच हे शहर. भावाचं शिबिरांबद्दलचं म्हणणं मला बऱ्याच अंशी पटतं. जन्माला येण्याबद्दलचं अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण त्याच्याच गल्लीत आहे.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. बाबांच्या श्राद्धासाठी मी पुण्यात होते. आंबिल ओढ्याला पूर आला आणि बघता बघता पाणी घरांत शिरलं. जवळच टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. मामाच्या गल्लीत मात्र कुणी दगावलं नाही, आणि त्यात एका बाईचा मोठा वाटा होता. चार घरी धुणीभांडी करणारी, गल्लीतल्या बचत गटाची सचिव. मी त्यांना मावशी म्हणते. दर महिन्याच्या दहा तारखेला त्या दारोदार हप्ता गोळा करतात. त्यामुळे कुठल्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, कुणाची सून दिवसांत आहे, कुठला नवरा रात्रपाळीला असतो आणि बाई एकटी असते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. लाइट गेलेली, पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं. मावशींनी गणपती मंडळाच्या पोरांना गोळा केलं आणि ‘पळा, वाचवा’ असं मोघम न सांगता एकेकाला एकेक दार नेमून दिलं. तू आजोबांना उचल. तू वरच्या मजल्याची किल्ली आण. कुणी त्यांना ‘तुम्ही कोण सांगणार’ असं विचारलं नाही.

हे त्या कुठल्या वर्गात शिकल्या नव्हत्या, म्हणजे भावाचंच खरं, असं वाटेल. पण पुढे काय झालं तेही सांगते. ओढ्याकाठची सीमाभिंत दुरुस्त व्हावी म्हणून याच मावशी क्षेत्रीय कार्यालयात तीन वेळा गेल्या. तिन्ही वेळा ‘बघतो’ ऐकून परत आल्या. मी ब्रेमेनला परतल्यावर त्यांनी अर्जाचा फोटो पाठवला. ‘आमच्या भिंतीचं बघावे ही नम्र विनंती’, एवढंच. तारीख नाही, जागा नाही, पोच नाही. पुराच्या रात्री अख्खी गल्ली जिच्या शब्दावर हलली, तिचा शब्द कार्यालयाच्या टेबलावर पोचतच नव्हता.

मग दोन संध्याकाळी आम्ही फोनवर बसलो. कुठल्या पुलापासून कुठल्या घरापर्यंत, किती फूट, कुठे भगदाड आहे, कधीचे फोटो. अर्जाच्या दोन प्रती, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही. तीस दिवसांत काही कळलं नाही तर त्याच आवक क्रमांकावर माहिती अधिकाराचा अर्ज. मावशींना हे समजायला दोन संध्याकाळीही जास्तच झाल्या. भिंत लगेच झाली असं नाही. पण लेखी उत्तर आलं, आणि ते त्यांनी बचत गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं.

त्यांचा उत्साह बघून एका संस्थेनं त्यांना नेतृत्व विकास शिबिराला नेलं. तीन दिवस. एसी हॉल, ‘स्वतःला ओळखा’, दोरीचे खेळ, टाळ्या, शेवटी प्रमाणपत्र आणि पाहुण्यांसोबत फोटो. परत आल्यावर मावशी मला जे म्हणाल्या ते मी विसरू शकत नाही: "ताई, सगळं छान होतं. पण बैठकीत दोघी भांडायला लागल्या तर काय करायचं, ते कुणी सांगितलंच नाही."

या प्रश्नाचं उत्तर मला ब्रेमेनमध्ये मिळालं. जर्मनीत मुलांचे गट, सहली, खेळांची शिबिरं चालवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी ‘युलाइका’ नावाचं ओळखपत्र असतं. १९९९ पासून ते देशभर चालतं. वयाची अट सोळा वर्षांची, किमान तीस तासांचं प्रशिक्षण, प्रथमोपचार आलाच पाहिजे, आणि तीन वर्षांनी पुन्हा उजळणी केल्याशिवाय कार्ड वाढवून मिळत नाही. आमच्या भागातल्या मुलांच्या गटासाठी मीही ते केलं. वर्गात बहुतेक जण सोळा-सतरा वर्षांचे. एका दुपारी मला बैठक चालवायला बसवलं आणि दोघांना आधीच गुपचूप सांगून ठेवलं होतं की भांडा. ती भांडली, मी आवाज चढवला. प्रशिक्षकानं थांबवलं. म्हणाला, निवाडा देऊ नकोस. पहिल्याला विचार, दुसरी काय म्हणाली ते तुझ्या शब्दांत सांग. मग दुसरीला तेच विचार. आणि प्रश्न विचारलास की मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बस. ते दहा आकडे फार लांब वाटतात. पण सातव्या-आठव्याला कुणीतरी बोलतंच, आणि बहुतेकदा तोवर गप्प बसलेलं माणूस बोलतं. त्याच रात्री मी मावशींना फोन करून हे सांगितलं.

त्या वर्गातली एक सतरा वर्षांची मुलगी काही महिन्यांनी मला आमच्या विभागाच्या ‘बायराट’च्या सभेत दिसली. ब्रेमेन शहरात अशी बावीस स्थानिक मंडळं आहेत. लोकांनी थेट निवडलेली, मानद काम करणारी, सभा खुली, आणि स्थानिक उपक्रमांना देण्यासाठी हातात थोडा निधी. शाळेचा हॉल, लाकडी खुर्च्या, बाहेर पाऊस. मुलगी उठली, मैदानावरच्या दिव्यांचं म्हणणं थोडक्यात मांडलं, कागद अध्यक्षांच्या हातात दिला आणि बसली. तीस तास शिकलेलं वापरायला तिला एक जागा होती. पुण्यातल्या शिबिरांची खरी उणीव मला तिथे कळली. प्रमाणपत्र घेऊन बाई घरी येते, आणि ते घेऊन कुठल्या सभेत उठून उभं राहायचं, तर तशी सभाच नसते.

म्हणजे ब्रेमेनचं सगळं उचलून पुण्यात आणावं, असं मी म्हणत नाही. इथे मी कर भरते, पण माझा पासपोर्ट भारतीय, म्हणून बायराटसाठी मत देता येत नाही. माझ्यासारख्यांना तो हक्क द्यायचा प्रयत्न झाला, तो २०१४ मध्ये ब्रेमेन राज्याच्या घटनात्मक न्यायालयानं अडवला. आणि आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटं कोण राहतं हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. वेझर नदीला उद्या पूर आला तर आधी कुणाचं दार ठोठवायचं हे आमच्या जिन्यात कुणालाही सांगता येणार नाही. दहा तारखेची वही घेऊन फिरणारी बाई इथे नाही, आणि ती कुठल्याही अभ्यासक्रमातून तयार होत नाही.

आपल्याकडे ती आहे. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की शिकवायला माणूस निवडताना संस्थेनं किंवा पक्षानं नाही, गल्लीनं निवडावं. ही काही परदेशी कल्पना नाही. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासद व्हायला किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. तू कुणाच्या वतीनं बोलतोस हे आधी दाखव, मग बोल. आणि १९०५ मध्ये गोखल्यांनी याच शहरात भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षं शिकाऊ म्हणून काढावी लागत. पन्नास सह्या आणि पाच वर्षांचं शिक्षण या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आणायचं काम आपण अर्धवट सोडलं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं १९९३ पासून ते आपल्या परीनं केलं. कचरा वेचणाऱ्या बायका संघटनेच्या कामातच बोलायला, वाटाघाटी करायला शिकल्या, आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली.

तर आज काय करता येईल? महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. समाज विकास विभागाच्या समूह संघटिका वस्तीवस्तीत फिरतात, त्यांना मावशींसारख्या बायका नावानिशी माहीत आहेत. पन्नास घरांच्या सह्या आणणाऱ्या दोघांना, त्यात एक बाई असलीच पाहिजे, वर्षभर दर शनिवारी शिकवावं. बैठक चालवणं, इतिवृत्त लिहिणं, अंदाजपत्रकात आपल्या प्रभागाचं पान शोधणं, भांडण मिटवणं. आणि त्याची परीक्षा कागदावर नको. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, एकेका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा आहे. गल्लीत बैठक घेऊन असं एक काम ठरवायचं, मांडायचं, आणि ते होईपर्यंत त्याच्या मागे लागायचं. हीच परीक्षा. क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागाच्या मतदारांची सभा, हा शब्द तर आपल्या कायद्यात २००९ पासून आहे. त्या नेमानं भरवायला नव्या नगरसेवकांनी सुरुवात केली, तर या माणसांना उभं राहायला जागाही मिळेल.

नगरसेवक हे का करतील, असं भावानं विचारलं. ज्या बाईला बैठक चालवता येते, ती पुढच्या वेळी तिकीट मागेल, ही भीती त्यांना वाटणारच. मागू दे की. २०११ पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि त्यातल्या कित्येक जागांवर कारभार नवराच बघतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवऱ्याला मागे न ठेवता स्वतः सभागृहात बोलणारी बाई हवी असेल, तर तिनं आधी गल्लीत पन्नास माणसांसमोर बोललेलं असावं लागेल.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेले होते तेव्हा दहा तारीख होती. मावशींच्या गुडघ्यांचं आता दुखणं आहे. पण हप्ता गोळा करायला त्या निघाल्याच. वही मात्र त्यांच्या हातात नव्हती. ती समोरच्या घरातल्या बारावी झालेल्या मुलीच्या हातात होती. मुलगी दार ठोठावत होती, रक्कम लिहीत होती, सही घेत होती. मावशी दोन पावलं मागे, काही न बोलता. एका दारात एक बाई हप्त्यावरून तणतणायला लागली, मुलीनं मागे वळून पाहिलं. मावशी गप्पच राहिल्या. मी मनात आकडे मोजत होते. सहाव्याला मुलगी म्हणाली, "काकू, तुमचं म्हणणं काय ते मी एकदा सांगते, बरोबर आहे का बघा."